सहावी ते आठवीच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी : तासातला उपक्रम आणि घरचा अभ्यास

सहावी, सातवी किंवा आठवीच्या वर्गावर पहिल्यांदा उभं राहणाऱ्या शिक्षकाला सुरुवातीच्या महिन्यात दोन प्रश्न सारखे सतावतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात मुलांकडून नेमकं काय करून घ्यायचं, आणि शाळा सुटायच्या आत घरी काय द्यायचं. बहुतेक जण या दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात. उपक्रमासाठी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले जातात, आणि घरी मात्र धड्याखालचा स्वाध्याय दिला जातो. मग उपक्रम एकीकडे, अभ्यास दुसरीकडे आणि परीक्षा तिसरीकडे अशी गत होते.

या लेखात मी एकच सूत्र धरलं आहे, आणि त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. जो घरचा अभ्यास दुसऱ्या दिवशी तासात वापरला जाणार नाही, तो देऊ नका. मुलांनी घरून काहीतरी आणावं, त्यावर वर्गात काम व्हावं, त्यातून नवा प्रश्न निघावा आणि तो प्रश्न पुन्हा घरी जावा. ही साखळी एकदा जुळली की ‘अभ्यास का नाही केला’ हा प्रश्न विचारायची वेळ फार क्वचित येते.

पायरी १ : आधी मुलं ओळखा

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच धडा पहिला सुरू करायची घाई होते. तसं करू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बोलवा, चौथीच्या पुस्तकातला एखादा परिच्छेद वाचायला सांगा, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायचं एक उदाहरण द्या. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वर्ग तोवर चित्र काढत असेल, गोष्टीचं पुस्तक वाचत असेल, काही बिघडत नाही. सहावीत आलेली काही मुलं अजून जोडाक्षरांना अडखळतात, काहींना हातचा आणि बाकी यांतला गोंधळ सुटलेला नसतो. हे तुम्हाला जूनमध्येच कळलं पाहिजे. कुणाला काय येत नाही हे वर्गात मोठ्याने बोलू नका आणि भिंतीवर तर मुळीच लावू नका. ते तुमच्या वहीत राहू द्या.

त्याच वहीत दुसरी एक नोंद करा : घरी गेल्यावर या मुलाचा वेळ कुठे जातो? कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतं, कुणी गुरांकडे जातं, कुणी पाणी भरतं. विदर्भात कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले सगळे शेतात असतात. कुणाच्या घरी संध्याकाळी भारनियमन असतं, कुणाकडे अभ्यासाला जागाच नसते. ही माहिती चौकशीच्या सुरात विचारली तर मुलं खोटं सांगतात. मधल्या सुट्टीत खिचडी खाताना गप्पांच्या ओघात विचारली तर खरं सांगतात.

पायरी २ : किती अभ्यास द्यायचा ते ठरवा

केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात याचं माप दिलेलं आहे. दुसरीपर्यंत घरचा अभ्यास नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, आणि सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, म्हणजे आठवड्याला पाच-सहा तास. हा एक तास सगळ्या विषयांचा मिळून आहे. तुम्हा एकट्याचा नाही!

शिक्षण हक्क कायद्यानुसार या स्तरावर भाषा, विज्ञान-गणित आणि सामाजिक शास्त्रं यांना निदान एकेक शिक्षक असायला हवा. म्हणजे तीन शिक्षकांनी वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज वीस मिनिटं येतात. प्रत्यक्षात होतं असं की तिघेही आपापल्या परीने ‘थोडासाच’ अभ्यास देतात आणि मुलाच्या वहीत दोन तासांचं काम जमतं. यावर सोपा उपाय आहे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखून ठेवा आणि प्रत्येक शिक्षकाने आपला अभ्यास व त्याला लागणारी मिनिटं तिथेच लिहायची. तिसऱ्या शिक्षकाने आधीच्या दोघांचं वाचून मगच आपलं लिहायचं.

वेळेचा अंदाज कसा बांधायचा? ते काम आधी स्वतः वहीत करून पाहा. तुम्हाला जेवढी मिनिटं लागली त्याच्या तिप्पट मुलांना लागतील असं धरा. सात मिनिटांत तुमचं झालं तर वीस मिनिटांचा अभ्यास झाला.

पायरी ३ : तासाची बांधणी

तासाची पहिली पाच-सात मिनिटं कालच्या अभ्यासाला द्या. वह्या तपासायच्या नाहीत, मुलांनी घरून जे आणलंय ते वापरायचं. मग एक प्रश्न फळ्यावर. मग पंधरा मिनिटं मुलांचं काम. मग जे सापडलं ते मुलांच्या शब्दांत फळ्यावर आणि वहीत. शेवटची तीन मिनिटं नव्या अभ्यासासाठी राखून ठेवा, घंटा झाल्यावर दाराकडे धावणाऱ्या मुलांच्या पाठीवर अभ्यास फेकू नका. या तीन मिनिटांत अभ्यासाचा पहिला भाग वर्गातच सुरू करून घ्यावा. पहिलं उदाहरण मांडलेलं असलं, तक्त्याच्या रेघा ओढलेल्या असल्या की मूल घरी अडत नाही. अर्धे अभ्यास ‘नेमकं काय करायचं ते कळलं नाही’ म्हणून राहतात, आळसाने नाही.

प्रयोगाला किंवा मैदानावरच्या कामाला एक तास पुरत नाही. आठवड्यातून एकदा जोडतास मिळावा म्हणून वेळापत्रक बनायच्या आधीच मुख्याध्यापकांशी बोला. वेळापत्रक लागल्यानंतर ते बदलून घेणं अवघड जातं.

गट पाडताना पाच-पाच मुलांचे पाडा आणि महिनाभर तेच ठेवा. हुशार मुलांचा एक गट आणि मागे राहिलेल्यांचा दुसरा असं कधीही करू नका. नोंद लिहिणारं, साहित्य सांभाळणारं आणि वर्गापुढे बोलणारं मूल दर आठवड्याला बदला, नाहीतर वर्षभर मुलीच लिहितात आणि मुलगेच बोलतात.

पायरी ४ : एक उपक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहा

दहा उपक्रम अर्धवट करण्यापेक्षा एक नीट करा. पहिल्या सत्रात करण्यासारखा माझा सगळ्यात आवडता उपक्रम आहे काठीची सावली. भूगोल, गणित आणि विज्ञान तिन्ही यात येतात, खर्च काहीच नाही.

दिवस निवडा २२ किंवा २३ सप्टेंबर, म्हणजे विषुवदिन. या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर वर असतो. ढग आले तर एक-दोन दिवस पुढेमागे चालेल, कारण या काळात सूर्य रोज साधारण ०.४ अंशच दक्षिणेकडे सरकतो.

आदल्या दिवशीचा अभ्यास म्हणून मुलांना एकच प्रश्न द्या : ‘उद्या सूर्य बरोबर डोक्यावर किती वाजता येईल? घरच्या तिघांना विचारून उत्तरं लिहून आणा.’ जवळजवळ सगळे ‘बारा वाजता’ लिहून आणतील. ते फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि पुसू नका.

ध्वजस्तंभाजवळचा सपाट कोबा साफ करून घ्या. सरळ काठी अशी उभी करा की जमिनीच्या वर बरोबर १०० सेंटीमीटर राहील. कुंडीत माती ठोकून उभी केली तर कुंडीची उंचीही त्यात धरा. काठी उभी आहे की कललेली, हे पाहायला दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी पाहा. हे काम मुलांकडेच द्या, गवंड्याची मुलं वर्गात असतील तर ती तुम्हाला शिकवतील. पावणेबाराला पहिली खूण करा. सावलीच्या टोकाशी खडूने ठिपका, त्याशेजारी वेळ, आणि काठीच्या बुडापासून ठिपक्यापर्यंतचं अंतर. मग दर दहा मिनिटांनी एक ठिपका, एक वाजेपर्यंत. प्रत्येक गटाला पाळी द्या. पोषण आहाराची वेळ मध्ये येते, म्हणून आदल्या दिवशी स्वयंपाकाच्या ताईंशी आणि मुख्याध्यापकांशी बोलून ठेवा.

आता मुलांना जे दिसतं ते असं. बारा वाजले तरी सावली आखूड होतच राहते. पुण्यात सगळ्यात आखूड सावली साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी पडते, मुंबईत १२ वाजून ३१ मिनिटांनी आणि नागपुरात १२ वाजून ६ मिनिटांच्या सुमाराला. घड्याळ चुकलेलं नसतं. आपली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर येतो. नागपूर त्या रेखावृत्ताच्या जास्त जवळ, म्हणून तिथे उशीर कमी. (हिशेब करून पाहिलात तर पुण्याचं उत्तर ३४-३५ मिनिटं येईल. उरलेल्या सात मिनिटांचा फरक पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेमुळे आणि तिच्या आसाच्या कलण्यामुळे पडतो आणि तो वर्षभर कमीजास्त होतो. सहावीला एवढं सांगायची गरज नाही, आठवीतलं एखादं मूल विचारतं.)

दुसरी गोष्ट : सगळे ठिपके दोरीने जोडा. विषुवदिनी ते एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. सगळ्यात आखूड सावली उत्तरेकडे दाखवते. होकायंत्र नसताना शाळेच्या अंगणात दिशा मिळाल्या, त्या ऑइलपेंटने कायमच्या रंगवून ठेवा.

तिसरी गोष्ट वर्गात करायची. पुण्यात सगळ्यात आखूड सावली साडेतेहतीस सेंटीमीटरच्या जवळपास येते. वहीत १० सेंटीमीटरची उभी रेघ काढायची, तिच्या खालच्या टोकापाशी काटकोनात ३.३ सेंटीमीटरची आडवी रेघ काढायची आणि दोन्हींची मोकळी टोकं जोडायची. आता वरच्या टोकाला कोनमापक लावा. कोन येतो साडेअठराच्या आसपास. नकाशात पुण्याचं अक्षांश पाहा, तेवढंच आहे! कोल्हापुरात ३० सेंटीमीटर सावली आणि पावणेसतरा अंशांच्या जवळपास कोन, नागपुरात जवळजवळ ३९ सेंटीमीटर आणि एकवीस अंश. मुलांच्या मापात एक-दोन अंशांची चूक येणारच, कारण सावलीची कड धूसर असते. चूक का आली याची चर्चा हाही उपक्रमाचाच भाग आहे, म्हणून तिला पाच मिनिटं द्या. नकाशातल्या आडव्या रेघा पाठ करणारं मूल त्या दिवशी आपल्या गावाची रेघ स्वतः मोजतं. दुसऱ्या जिल्ह्यात तुमच्या ओळखीचं कुणी शिक्षक असेल तर त्याच दिवशी फोनवर मापांची देवाणघेवाण करा. एक अंश म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर, एवढं सांगितलं की आठवीची मुलं दोन गावं एकमेकांपासून उत्तर-दक्षिण किती लांब आहेत ते काढतात.

आणि त्या दिवशीचा घरचा अभ्यास : संध्याकाळी घराच्या एका ठरलेल्या जागी उभं राहून पश्चिमेकडची झाडं, घरं, डोंगर यांची आकृती काढायची आणि सूर्य कुठे टेकला तिथे खूण करायची. सूर्याकडे टक लावून बघायचं नाही, तो मावळल्यावर जागा पाहायची. मग दर रविवारी त्याच जागेवरून नवी खूण. डिसेंबरपर्यंत सूर्य दक्षिणेकडे किती सरकला हे मुलांच्या वहीतच दिसतं. आठवड्याला दोन मिनिटांचा अभ्यास, आणि उत्तर कुठल्याही गाईडमध्ये नाही.

पायरी ५ : घरचा अभ्यास घरात जे आहे त्यातून काढा

वर्गात होऊ शकतं ते घरी पाठवू नका, घरी जे आहे आणि वर्गात नाही ते मागवा. घरात मोठी माणसं आहेत, स्वयंपाकघर आहे, शेत आहे, बाजार आहे, जुने कागद आहेत.

विज्ञानाचं एक उदाहरण सविस्तर देतो. आठवीत आम्ल आणि आम्लारी शिकवायचे असतात. शाळेत लिटमस कागद असेलच असं नाही. दोन चमचे हळद थोड्या पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर मुलांकडूनच फासून घ्या, सावलीत वाळवा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा. प्रत्येक मुलाला आठ-दहा पट्ट्या घरी द्या. सोबत वहीत तीन रकाने : वस्तू, माझा अंदाज, झालेला रंग. ताक, लिंबू, चिंचेचा कोळ, साधं पाणी, साबणाचं पाणी, चुलीच्या राखेचं निवळलेलं पाणी, खाण्याचा सोडा. पानाला लावायचा चुना घरात असेल तर तो मोठ्या माणसाच्या हातूनच, आणि डोळ्याला लागता कामा नये. संडास साफ करायच्या बाटल्यांना हात लावायचा नाही, हे दोनदा बजावा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच मोठा तक्ता करा आणि प्रत्येक गटाचं उत्तर मांडा. साबण, राख आणि चुना यांनी पट्टी तांबडी होते. सोड्याने फिकट तांबूस होते, काही जण ‘बदललाच नाही’ म्हणतात. एकाच वस्तूला दोन उत्तरं आली की तिथे थांबा. किती पाणी घेतलं? पट्टी किती वेळाने पाहिली? हे प्रश्न मुलांनीच एकमेकांना विचारायचे. मग कुणीतरी विचारतं, आणि नाही विचारलं तर तुम्ही विचारा : लिंबालाही पिवळी आणि साध्या पाण्यालाही पिवळी, मग लिंबू आंबट आहे हे पट्टीला कसं कळलं? कळलं नाही! हळद फक्त आम्लारी दाखवते, आम्ल आणि उदासीन यांत ती फरक करत नाही. म्हणजे दुसरं काहीतरी शोधायला हवं. तोच त्या दिवशीचा अभ्यास : लाल जास्वंदीच्या चार पाकळ्या गरम पाण्यात टाकून ते पाणी बाटलीतून आणा. तिसऱ्या दिवशी जास्वंदीचं पाणी लिंबाने गडद गुलाबी आणि साबणाने हिरवट झालेलं मुलं पाहतात, आणि आता तुम्ही पुस्तक उघडा. पांढऱ्या सदऱ्यावरचा आमटीचा डाग साबण लावला की लाल का होतो, हळदीत चुना मिसळला की कुंकू कसं होतं, हे मुलं स्वतःहून सांगायला लागतात.

गणितात वीस उदाहरणं देऊ नका, पाच द्या. तीन आजच्या घटकावरची, एक मागच्या महिन्यातलं, आणि एक मुलाने स्वतः बनवलेलं. स्वतः बनवलेलं उदाहरण सगळ्यात मोलाचं, कारण मुलाला घटक कळलाय की नाही ते त्यातच दिसतं. नफा-तोट्यावर एखाद्या मुलीने ‘शंभर रुपयांची मेथी घेतली आणि ऐंशीला विकली, नफा किती’ असं लिहून आणलं तर तिला कुठे मदत हवी हे लगेच समजतं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं उदाहरण सोडवायचं. मोजमापाला शाळेचं मैदान आहेच : टेपने लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढा आणि गुंठ्यांत सांगा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे १०८९ चौरस फूट, तो झाला एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. घरी जाऊन आपल्या किंवा शेजाऱ्याच्या शेताचा सातबारा पाहायचा, त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना कमीपणा वाटू नये म्हणून ‘आपल्या किंवा शेजाऱ्याच्या’ हे शब्द विसरू नका.

इतिहासाला एक अभ्यास हमखास रंगतो. गावात कुठे कुठे सन कोरलेले आहेत ते शोधून आणा : मंदिराची पायरी, विहिरीचा काठ, पुलाचा कठडा, शाळेची कोनशिला, जुन्या वाड्याची चौकट. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवले की इसवी सन येतं, शक वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. वर्गात भिंतीवर दोरी ताणून कालरेषा करा आणि चिठ्ठ्या अडकवा.

भाषेसाठी घरातल्या एखाद्या कामाची कृती लिहून आणायला सांगा : भाकरी कशी थापतात, सायकलचं पंक्चर कसं काढतात, वाफ्याला पाणी कसं देतात. करणाऱ्या माणसाला विचारत विचारत लिहायचं. वर्गात दुसऱ्या मुलाने ते वाचून हवेत हातवारे करत तसंच करून दाखवायचं. ‘पीठ मळलंच नाही, थापतेस काय?’ अशी चूक वर्गच काढतो आणि लिहिणारा आपली वाक्यं दुरुस्त करतो. मळा-मळी, थापा-थापी करत वर्ग हसतो आणि त्या हसण्यातच क्रमाने लिहिणं शिकलं जातं. ज्या मुलांना अजून वाचायला जड जातं त्यांच्यासाठी रोज दहा मिनिटं घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवणं, एवढाच अभ्यास ठेवा. ऐकणाऱ्याला वाचता आलं पाहिजे असं नाही.

काय देऊ नये तेही स्पष्ट सांगतो. प्रश्नोत्तरं उतरवून काढणं देऊ नका, ती गाईडमधून येतात. पैसे खर्च करावे लागतील असे प्रकल्प देऊ नका : रंगीत प्रिंट, तयार तक्ते, विकतचे नमुने. गावात झेरॉक्सचं दुकान नसतं आणि असलं तरी तो पैसा आईच्या मजुरीतून जातो. मोबाइलवरच्या गटात अभ्यास टाकून ‘पाठवला आहे’ असं समजू नका, फोन बापाबरोबर शेतात किंवा कामावर असतो. आणि शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावू नका. ज्या हाताला लिहिणं ही शिक्षा वाटायला लागते, त्या हाताकडून पुढे निबंधाची अपेक्षा कशी करणार?

पायरी ६ : तपासणी

पस्तीस वह्या रोज तपासायला गेलात तर प्रत्येक पानावर फक्त तिरकी सही आणि तारीख उरते. त्यापेक्षा सात-सात मुलांचे पाच वार करा. सोमवारच्या सात वह्या नीट वाचा, बाकीच्या तासाला फिरता फिरता नजरेखालून घाला. आठवड्यात प्रत्येक वही एकदा मनापासून वाचली जाते.

वाचताना एका वेळी एकच गोष्ट पाहा. आज वाक्य पूर्ण आहे का, पुढच्या आठवड्यात परिमाण लिहिलंय का. सगळ्याच चुकांना लाल गोल केले तर मूल कुठलीच दुरुस्त करत नाही. शेरा असा लिहा की त्यावर मुलाला काहीतरी करता येईल. ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधारा’ याने काही होत नाही. ‘तिसऱ्या उदाहरणात हातचा विसरलास, तेवढंच पुन्हा कर’ याने होतं. आणि पुढच्या वेळी ते केलंय का हे आधी बघा.

अभ्यास न आणलेल्या मुलाला सगळ्यांदेखत उभं करू नका, वर्गाबाहेर काढू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि कायदा नसता तरी त्याने अभ्यास झाला नसता. जवळ बोलवून ‘कुठे अडलं?’ एवढंच विचारा. समजलं नव्हतं, वेळ नव्हता, वही संपली, घरी भांडण झालं, यांपैकी काहीतरी असतं. वहीच नसेल तर शाळेकडून किंवा गावातल्या एखाद्या दात्याकडून वह्यांचा एक गठ्ठा कपाटात असू द्या. तीच मुलं वारंवार राहत असतील तर शाळा सुटायच्या आधी वीस मिनिटं त्यांना वर्गातच अभ्यास करू द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडेही मांडायला काहीतरी असतं.

पायरी ७ : नोंदी

वरचं सगळं काम मूल्यमापनात मोजलं जातं, वेगळं काही करावं लागत नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर कामातून होणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असा पन्नास-पन्नास भार ठरवला होता, सातवी-आठवीला आकारिक चाळीस आणि संकलित साठ. आकारिकच्या तंत्रांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय असे प्रकार येतात. काठीची सावली प्रात्यक्षिकात जाते, हळदीच्या पट्ट्या प्रयोगात, गावातले सन प्रकल्पात. नवीन परिपत्रकांनी यात बदल होत असतात, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांकडून ताजं परिपत्रक मागून घ्या.

वर्णनात्मक नोंदी मार्चमध्ये एका बैठकीत बसून लिहिल्या की सगळ्या मुलांसाठी तीच तीन वाक्यं येतात. त्याऐवजी तासानंतर दोनच मुलांबद्दल दोन ओळी लिहायची सवय लावा. ‘ओळंबा धरून काठी सरळ केली, इतरांना समजावून सांगितलं’ ही नोंद पालकांना वाचून दाखवा, त्यांना आपलं मूल ओळखू येतं.

ज्या मुलांचे आईबाप दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात त्यांची तयारी सप्टेंबरमध्येच करा. हंगामी वसतिगृहाची सोय गावात आहे का ते विचारा. मूल सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून द्या, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत त्याला बसता येतं. त्याच्याबरोबर एक वही द्या, आणि त्यात त्याला करता येईल असाच अभ्यास : रोजचा एक अनुभव चार ओळींत, टोळीने तोडलेल्या उसाच्या टनांचा हिशेब, रोजची आवराआवर किती वाजता सुरू होते त्याची नोंद. मार्च-एप्रिलमध्ये ते परत आलं की पहिल्याच दिवशी ती वही वर्गात वाचायला लावा, आणि तिच्यातल्या हिशेबावरून त्या आठवड्याची गणिताची उदाहरणं बनवा.